ढोण्यांचा हात

निंबळखोऱ्याच्या वरदाईच्या देवळापुढे एक दगडी ओटा आहे. चैत्रातल्या जत्रेला शाहीर त्यावर उभा राहतो, पण पहिला गण गाताना डफ त्याच्या हातात नसतो. ढोण्यांच्या घरातला एक पुरुष तो छातीशी धरतो आणि शाहीर एकाच हाताने त्यावर थाप देतो. बाहेरगावच्या नामांकित शाहिराच्या कपाळाला आठी पडतेच. स्वतःचा डफ दुसऱ्याच्या हाती द्यायचा म्हणजे काय? मग देवळाचे म्हातारे गुरव त्याला पायरीवर बसवतात आणि सटवा ढोण्याची हकीकत सांगतात. ती ऐकून आजवर कोणी नाही म्हटलेले नाही.

सटवा रानात कोळसा पाडायचा. अंगाने रेडा आणि बोलायला मुखदुर्बळ. पण तुरेवाल्या मुकिंदा शाहिराचा फड आसपास कुठेही उभा राहो, भट्टी विझवून, कुऱ्हाड खांद्यावर टाकून हा पठ्ठ्या सगळ्यांच्या पुढे हजर. बायको म्हणायची, "लगीन माझ्याशी लावलंसा का त्या डफाशी?" सटवा नुसता हसायचा. मुकिंदा गायला लागला की याला आपण कोळशाने काळे झालेलो आहोत हेसुद्धा आठवत नसे. आणि मुकिंदा कधी हरला नव्हता. त्यामुळे हरलेल्या शाहिराने काय करायचे असते, हे निंबळखोऱ्याने कधी पाहिलेच नव्हते. पुढचा सारा अनर्थ त्यातून झाला.

एका साली चैत्रातल्या जत्रेत याच ओट्यावर कलगीवाला दौलतगीर सामना द्यायला आला. तुरेवाले शिवाचे, कलगीवाले शक्तीचे, हे भांडण जुनेच. दुपारभर सवाल-जवाब झडले. दोन्हीकडचे लोक मुठी आवळून ऐकत होते. ऊन कलताना दौलतगीराने सवाल टाकला, "डफाचा नाद हाताचा का कातड्याचा? एकाचंच नाव घे." मुकिंदा तोंड उघडणार, तोच थांबला. त्याने डफावर एक थाप मारून पाहिली. मग खळखळून हसला, आपल्या डफाचा तुरा सोडला आणि दौलतगीराच्या डफाला बांधू लागला. हरलेल्याने जिंकलेल्याला असा मान द्यायचा, ही फडांची रीत होती असे सांगतात.

सटवाला दिसले ते वेगळेच. चार हात दोऱ्यात गुंतलेले आणि आपल्या शाहिराचा तुरा दौलतगीराच्या बोटांत. मागून कोणी ओरडले, "तुरा हिसकला रं!" सटवाच्या डोळ्यांत रक्त उतरले. एका उडीत तो ओट्यावर चढला आणि सागाच्या खोडावर घालावी तशी त्याने कुऱ्हाड घातली. पंजा तुटून खाली पडला. तो मुकिंदाचा होता, डफ धरायचा, डावा.

गर्दीला फक्त रक्त दिसले. कलगीवाल्यांनी शाहीर कापला अशी हूल उठली आणि माणसे माणसांवर तुटून पडली. कोयते निघाले, बैलगाड्यांची जू उपसली गेली. दौलतगीराच्या ढोलकीवाल्याचे डोके ओट्याच्या कडेवर आपटून फोडले. पळणारी म्हातारी माणसे पायांखाली चेंगरली. सकाळी ज्यांनी एका शिदोरीतली भाकरी खाल्ली होती, ते एकमेकांचे गळे धरून धुळीत लोळत होते. ओट्याच्या पायऱ्या म्हणे निसरड्या झाल्या होत्या. सटवा छाती बडवून ओरडत होता, "कुऱ्हाड माझी हाय! मी तोडला त्येला!" ऐकायला कोणाला सवड नव्हती.

ओट्यावर दौलतगीराने आपले पागोटे फाडून मुकिंदाचे मनगट करकचून आवळले होते. मुकिंदाचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्याने सटवाला खुणेने जवळ बोलावले.

"कशापायी आला हुतास रं?"

"तुमाला ऐकायला, शाहीर."

"मग डफ उचल. छातीशी धर."

सटवाने तोच डफ उचलला, रक्ताने भिजलेला. तो छातीशी घेऊन हनुवटीखाली दाबून धरला. मुकिंदा दौलतगीराच्या खांद्याला टेकून उभा राहिला आणि उरलेल्या हाताने त्याने थाप दिली. आवाज आधी चिरका निघाला, मग गण चढत गेला. पुढच्यांचे कोयते हवेत थांबले. ज्याच्या सुडासाठी मारत होतो तो तर गातोय! मारामारी तशीच विरत गेली आणि मग फक्त कण्हणे ऐकू येऊ लागले.

गण संपताच सटवाने कुऱ्हाड पुढे टाकली आणि आपला डावा हात ओट्याच्या कडेवर ठेवला. हात कोणी तोडला ते आता लोकांना कळले होते. दोन्ही बाजूंचे एकत्र होऊन पुढे सरसावले. एकाने कुऱ्हाड उचललीही.

"थांबा," मुकिंदा म्हणाला. "त्यो हात तोडलासा तर माझा डफ कोण धरंल?"

कुऱ्हाड उचलणाऱ्याने ती खाली ठेवली. मुकिंदाने दौलतगीराकडे वळून सांगितले, "नाद दोघांचा असतोय. एकाचंच नाव घे म्हनलासा, म्हणून हरलो."

सटवाने पुन्हा भट्टी लावली नाही. मुकिंदा गात होता तोवर गावोगाव तो त्याच्या डाव्या अंगाला डफ धरून उभा राहिला. मुकिंदाने त्याला माफ केले होते. सटवाने स्वतःला कधी केले नाही, असे त्याच्या घरचेच सांगतात.

आजही जत्रेला येणारा माणूस काठी-कोयता वेशीवर ठेवूनच आत येतो. आजही ओट्यावर ढोण्यांचा माणूस डफ छातीशी धरतो. हल्ली हा मान जीप चालवणाऱ्या बबन ढोणेकडे आहे. एरवी तो फार बोलका, पण गणाच्या वेळी मान खाली घालतो. शाहिराची पहिली थाप कातड्यावर पडते आणि कातड्यामागे बबनची छाती असते. त्या थापेला त्याचे डोळे दर वर्षी मिटतात.