सातभाईंची बडबड

एकदा एका आश्रमातून एका बाईला, ती फार बोलते म्हणून, घालवून द्यायचे ठरले. चोरी नाही, चहाडी नाही; नुसते बोलणे. पुरुष एवढे बोलला तर त्याला वक्ता म्हणतात, पण ते असो.

बाईचे नाव हौसाबाई. नवरा गेला, दिरांनी दार लावून घेतले, तेव्हापासून ती आश्रमातल्या निराधार म्हाताऱ्या माणसांचे सगळे करीत असे. तोंड मात्र पहाटे उघडले की निजेपर्यंत मिटत नसे.

आश्रमाचा कारभार वृद्ध आचार्यांनी आपल्या शिष्यावर सोपवला होता. शिष्य शहरात शिकलेला, इंग्रजी जाणणारा. मनाने वाईट नव्हता. एक व्यापारी तिथे ध्यानमंदिर बांधून देणार होता. तो जागा पाहायला आला तेव्हा बाभळीखाली मातकट पाखरांचा थवा पाचोळा उडवीत कलकलत होता, आणि पडवीतून हौसाबाईचा आवाज येत होता.

"ही पाखरं कुठली हो?" व्यापाऱ्याने विचारले.

"सातभाई. इंग्रजीत यांना बॅबलर म्हणतात, म्हणजे बडबड्या," शिष्य म्हणाला, आणि पाहुण्याला हसवायच्या भरात पडवीकडे बोट दाखवून पुढे बोलला, "आमच्याकडे दोन जातींचे आहेत."

व्यापारी पोट धरून हसला. मग गंभीर होऊन म्हणाला, "पण ध्यानाच्या जागी हे चालायचं नाही, महाराज. पाखरं राहू देत. बाईचं तेवढं बघा."

शिष्याने त्याच संध्याकाळी आचार्यांपुढे विषय काढला.

"गुरुजी, हौसाबाईंची दुसरीकडे सोय करावी म्हणतो."

"कुठे?"

"बघू, कुठेतरी."

"कुठेतरी नावाचं गाव मी अजून पाहिलं नाही," आचार्य म्हणाले. ते उठले, आतून कापूस घेऊन आले आणि त्याचे दोन घट्ट बोळे वळून त्यांनी शिष्याच्या हातावर ठेवले. "उद्या उजाडल्यापासून मावळेपर्यंत हे कानात घाल. आणि नुसता बस. मग तू म्हणशील तसं करू."

म्हातारा चळला, असे शिष्याच्या मनात आले. पण आज्ञा ती आज्ञा.

दुसऱ्या दिवशी तो बाभळीजवळ बसला. पाखरांच्या चोची उघडमीट करीत होत्या, पण आवाज नाही. मग त्याला दिसू लागले. एक पाखरू उंच फांदीवर पहाऱ्याला बसले होते, म्हणून बाकीची खाली निर्धास्त चरत होती. एका पिल्लाला कधी हे भरवी, कधी ते. एक पाखरू झुडपाआड गेले, थव्याला दिसेनासे झाले. त्याने चोच उघडली असावी, कारण इकडच्या सगळ्यांनी एकदम उघडल्या, आणि ते नीट वाट काढीत परत आले.

शिष्याची नजर पडवीकडे वळली. तिथे एक आंधळे बाबा बसले होते. हौसाबाई जिकडे जाई तिकडे त्यांचा चेहरा वळे. ती पाण्याला आडाकडे गेली, तसा बाबांचा हात जमीन चाचपू लागला. आडाच्या काठावरून तिचे तोंड हलले, आणि हात शांत झाला. शेजारी अर्धांगवायूने वाचा गेलेली एक म्हातारी पडून होती. हौसाबाई तिला काहीतरी विचारी, उत्तराची वाट पाहावी तशी थांबे, मान डोलावी आणि पुन्हा बोले. ही बोलते हे शिष्याने इतकी वर्षे ऐकले होते. कुणाशी बोलते, हे कधी पाहिले नव्हते.

मावळतीला तो आचार्यांच्या पायाशी येऊन बसला. बोळे काढून त्याने पाखरांचे, पडवीचे आणि आपण केलेल्या थट्टेचेही सगळे सांगितले.

आचार्य म्हणाले, "ज्याने या पाखराला बडबड्या म्हटलं, तो खोटा नव्हे. त्याच्या कानावर आवाज पडला. आपल्या लोकांनी एकोपा पाहिला आणि भाऊ म्हटलं. इंग्रजीत त्यांना सात बहिणीही म्हणतात. आपल्याला मात्र अख्ख्या थव्यात एक बहीण सुचली नाही! बाळ, नावात पाखरू थोडं असतं, नाव ठेवणारा जास्त. झाडोऱ्यात एकमेकांना न दिसणारी ती पाखरं आवाजाच्या दोरीने बांधलेली असतात. ती दोरी तुझ्यासाठी वळलेली नाही, म्हणून तुला ती बडबड वाटते."

"आणि ध्यानमंदिर, गुरुजी?"

"कारभार तुझा आहे."

शिष्य पडवीत गेला. हौसाबाई आंधळ्या बाबांचे ताट वाढीत होती. कोपऱ्यात तिचे बोचके बांधून ठेवलेले होते.

"बाई, काल मी जे बोललो..."

"ऐकलं होतं मी. माझे कान शाबूत आहेत," ती वर न पाहता म्हणाली. "आज दिवसभर तुला बोलत होते, ते ऐकलंस का?"

"नाही. कानात कापूस होता."

"बरं झालं. शिव्याच होत्या." तिने पळी ठेवली. "कधी निघू, तेवढं सांग."

"निघायचं नाही. व्यापाऱ्यांना मी सांगतो. मंदिर बांधलं तर बांधलं, नाही तर नाही."

हौसाबाईने काही बोलायला तोंड उघडले, पण शब्द फुटेना. तिने पदर तोंडाला लावला. पडवीत कधी नव्हे ती शांतता पसरली.

ताटापुढे बसलेले बाबा एकदम कावरेबावरे झाले. "हौसे? अगं, गेलीस का?"

तिला उत्तर देववेना. तेव्हा शिष्य खाली बसला आणि त्याने बाबांचा हात धरला.

"आहेत, बाबा. इथेच आहेत," तो म्हणाला, आणि ताटात कुठे भाकरी आहे, कुठे भाजी आहे, ते त्यांना सांगत राहिला.