पहिल्या फेरीचा मान

"…आणि तरीही आपण विचारता, घाई कसली? चार वर्षे झाली, बुवा! एका पाळण्याला माणसाने आणखी किती काळ द्यायचा?"

चंद्रहास मोहोळकर मठाच्या ओसरीवर बसून बोलत होता. बसला होता, पण भिंतीला टेकला नव्हता.

केदारबुवा समोर भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. त्यांनी एक दाणा उजेडात धरून पाहिला आणि सुपात टाकला.

चंद्रहास हा त्यांचा जुना शिष्य. सहा वर्षे याच मठात राहून शिकला, पुढे अभियंता झाला. डोंगराच्या पायथ्याच्या माळावर त्याने 'नभांगण' नावाचे मनोरंजन उद्यान उभारले होते. तेथे आता एक नवे आकर्षण येणार होते. लोखंडी रुळांवरून सात मजले उंच चढायचे आणि वळणे घेत खाली झेपावायचे, अशी चोवीस आसनांची गाडी. तिचे नाव त्याने 'भिरभिरे' ठेवले होते. गावाने ते नाव ऐकून घेतले आणि तिला पाळणाच म्हटले.

"पहिले वर्ष कशात गेले?" बुवांनी विचारले.

"वारा मोजण्यात."

"दुसरे?"

"पाया खणण्यात. माळाखाली काळा पाषाण लागला."

"तिसरे?"

"रूळ घडवण्यात. प्रत्येक वळणाचा साचा निराळा."

"चौथे?"

"ते सगळे जोडण्यात."

"मग आता काय राहिले?"



"काही नाही… एक बोल्ट."

ओसरीच्या दुसऱ्या टोकाला त्याची आई, गोदाक्का, पाय पसरून बसली होती. ती खुदकन हसली.

"ऐका बुवा. येवढा मोठा सायब, आणि एका बोल्टासाठी रातीला जेवला न्हाई."

"आई, तुला त्यातले कळत नाही."

"न्हाई कळत. पर तुझं तोंड कळतंय की."

बुवांनी आणखी एक शेंग फोडली. "बोल्टाचे सांग."

चंद्रहासने सांगितले. गाडीत माणसे बसवण्याआधी आसनांवर पाण्याने भरलेले पुतळे बसवायचे, प्रत्येक एका माणसाच्या वजनाचा. तशा हजार फेऱ्या करायच्या. रोज संध्याकाळी सगळे बोल्ट तपासायचे. त्यातला एक जरी केसभर फिरलेला आढळला, तर मोजणी पुन्हा एकपासून.

"काल सहाशे चाळीस फेऱ्या पुऱ्या झाल्या. आणि संध्याकाळी तिसऱ्या वळणावरचा एक बोल्ट…"

"केसभर?"

"केसभर."

"आवळला?"

"त्याच क्षणी."

"मग?"

"मग दिवसाला चाळीस फेऱ्यांनी आणखी पंचवीस दिवस! बुवा, परवा दसरा आहे. पत्रिका वाटून झाल्या. मांडव उभा आहे. पंचवीस दिवसांत दिवाळी निघून जाईल. पलीकडच्या जिल्ह्यात असाच पाळणा अकरा महिन्यांत उभा राहिला. लोक मला हसतात."

"हसतात? मग चांगले आहे. पाळणा दुसऱ्या कशासाठी बांधतात?"

गोदाक्काने पदर तोंडाशी नेला. चंद्रहास हसला नाही.

"सरकारी तपासनीसांनी कागद दिला आहे. अडचण त्यांची नाही. हजार फेऱ्यांचा नियम माझा आहे. मीच केला."

"केव्हा?"

"पहिल्या वर्षी."

"वारा मोजत होतास तेव्हा."

"हो."

"तेव्हा पत्रिका वाटल्या नव्हत्या."

"…नव्हत्या."

चंद्रहासने हात जोडले. "नियम माझा आहे, तेव्हा तो सोडण्याचा अधिकारही माझाच आहे. फक्त आपण एकदा 'हो' म्हणा. आपण हो म्हटले की माझे मन शांत होईल."

बुवांनी सूप बाजूला सारले, मांडीवरची टरफले झटकली आणि खडावा पायात घातल्या.

"चल, पाळणा पाहू."

गोदाक्का त्यांच्याआधी उठली.

माळावर सकाळचे ऊन पसरले होते. पाळण्याचे रूळ निळ्या आकाशावर वळणे घेत उभे होते. खाली फलाटावर गाडी थांबली होती, आणि तिच्या आसनांवर चोवीस निळे पुतळे ताठ बसले होते. प्रत्येकाच्या छातीशी पोलादी दांडी अडकवलेली होती. कामगारांनी त्यांना मिशा काढल्या होत्या, कुंकू लावले होते, नावे दिली होती.

मुख्य जोडारी दस्तगीर पुढे आला. त्याने बुवांना वाकून नमस्कार केला आणि पहिल्या आसनाकडे हात केला.

"बुवा, आमच्या साहेबांना भेटा."

त्या पुतळ्याला चष्मा रंगवलेला होता. कपाळाला तीन आठ्या होत्या. छातीवर लिहिले होते : साहेब.

"सहाशे चाळीस वेळा वर जाऊन आले," दस्तगीर म्हणाला. "एकदाही ओरडले नाहीत. दुसरे साहेब जमिनीवर उभे राहून ओरडतात."

कामगारांनी माना खाली घातल्या. खांदे मात्र हलत होते.

"दस्तगीरभाई…" चंद्रहास म्हणाला.

"चुकलो, साहेब." दस्तगीर पुतळ्याकडे पाहून म्हणाला.

बुवा मोठ्याने हसले. त्यांनी रुळांवरून हात फिरवला. एका जोडाशी थांबून बोटाच्या पेराने तो चाचपला. मान डोलावली. हा हात पूर्वी सुताराचा होता. मठात येण्याआधी बुवा जत्रांमधून लाकडी पाळणे उभारत असत, हे सर्वांना ठाऊक होते. त्याविषयी ते बोलत नसत.

एवढ्यात गोदाक्काने फलाटावर पाऊल ठेवले.

"ह्या सायबाला उठवा बघू."

"काय, आक्का?" दस्तगीर गोंधळला.

"उठवा म्हंते. लई बसला. मला बसायचंय."

दोन कामगारांनी हसत हसत पुतळा उचलून खाली ठेवला. गोदाक्काने लुगड्याचा काष्टा सावरला, आसनावर बसली आणि दोन्ही हातांनी पुढची दांडी घट्ट धरली. तिचा चेहरा फुलला होता.

"चार वरसं झाली, खिडकीतनं बघतीया. रोज एक तुकडा वर चढायचा. मी मनाशी म्हणायची, गोदे, एक दिस तू तिथं वर असणार. चल रं, सोड!"

"आई, उतर."

"का रं?"

"आज नको."

"मग परवा बसते."

चंद्रहासने दुसरीकडे पाहिले. "परवा… परवा गर्दी असेल."

"मग त्या गर्दीत मी न्हाई व्हय?"

"तू नंतर बस ना, आई. महिन्याभराने. निवांत."

गोदाक्का त्याच्याकडे पाहत राहिली. दांडीवरचे तिचे हात सैल झाले.

मांडवाची झालर वाऱ्याने फडफडत होती.

"परवा कोण बसणार आहे?" बुवांनी विचारले.

"लोक."

"कोणाचे?"

चंद्रहासची नजर आईकडे गेली.

बुवा फलाटाच्या पायरीवर बसले. ते बोलू लागले. आवाज चढलेला नव्हता.

"आम्ही जत्रेत पाळणा उभा करायचो. चार दिवस लागत. लोक पहिल्या दिवसापासून रांग धरत. पण पहिल्या फेरीचा मान ठरलेला होता. पाटलाचा नव्हे, पुजाऱ्याचा नव्हे. ज्याने पाळणा बांधला, त्याच्या आईचा."

"आपल्या आई बसत?" दस्तगीरने विचारले.

"अकरा जत्रांना बसली. वर गेली की तिथून मला नावाने हाका मारायची. साऱ्या जत्रेला माझे नाव पाठ झाले होते." बुवांच्या डोळ्यांत हसू आले. "बाराव्या जत्रेला ती पाळण्यापाशी आली, आणि मी म्हणालो, आई, जरा थांब."

"मग?"

"त्या वर्षी पाळणा फिरला नाही."

चंद्रहास उभा होता. त्याने मांडवाकडे पाहिले, रुळांकडे पाहिले, मग आईकडे.

तो पुढे झाला. आईचा हात धरून तिला खाली उतरवले. मग जमिनीवरचा तो चष्मेवाला पुतळा स्वतः उचलला. पुतळा जड होता. कोणी मदतीला आले, त्यांना त्याने मानेनेच नाही म्हटले. पुतळा जागेवर बसवून त्याने दांडी अडकवली.

"दस्तगीरभाई."

"जी, साहेब."

"मोजणी एकपासून."

दस्तगीरने फळ्यावरचा सहाशे चाळीसचा आकडा पुसला. खडूने मोठा एक काढला. कामगारांनी टाळ्या वाजवल्या. गाडी खडखडत चढणीला लागली.

"पत्रिकांचे काय करू, बुवा?" चंद्रहासने हळूच विचारले. "दसऱ्याला हजार माणसे येतील."

"येऊ दे. जे आहे ते दाखव."

"लोक हसतील."

"मग चांगले आहे. मी अजून तेच म्हणतो आहे."

दसऱ्याला हजाराहून अधिक माणसे आली. चंद्रहासने ध्वनिक्षेपक हाती घेतला आणि चार वाक्यांत सांगितले की पाळणा अजून झालेला नाही, एक बोल्ट फिरला होता, भाऊबीज झाल्यावर या, आज फक्त पाहता येईल. त्याच्या कपाळावर घाम होता.

लोक एकमेकांकडे पाहू लागले.

मग दस्तगीरने गाडी सोडली आणि ओरडून पुकारले, "एक्क्याऐंशीवी फेरी! साहेब निघाले!"

चष्मा आणि तीन आठ्या सात मजले वर चढल्या, टोकाला क्षणभर थांबल्या आणि खाली झेपावल्या. माळावर असा हशा उठला की झाडांवरचे पक्षी उडाले. लोक खऱ्या साहेबांकडे पाहत, पुन्हा रुळांकडे पाहत आणि पुन्हा हसत. गाडी थांबली तेव्हा एक म्हातारी पुढे आली आणि तिने 'साहेबां'च्या मांडीवर आपट्याचे पान ठेवले.

"सोनं घ्या, सायब. सोन्यासारखं ऱ्हावा."

तिच्यामागे रांग लागली. संध्याकाळपर्यंत चोवीस पुतळ्यांच्या मांड्या पानांनी भरून गेल्या. त्या रांगेत अखेरीस चंद्रहासही उभा राहिला. स्वतःच्या पुतळ्याला सोने देताना तो हसू लागला, आणि त्याला ते आवरेना.

बुवा दुरून पाहत होते.

भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बुवा माळावर आले. फळ्यावर एक हजार लिहिलेले होते. या हजार फेऱ्यांत एकही बोल्ट फिरला नव्हता. पुतळ्यांतले पाणी ओतून टाकले होते आणि ते फलाटाशेजारी ओळीने निजवले होते. फाटकाबाहेर लोक जमू लागले होते.

गोदाक्का नवे लुगडे नेसून पहिल्या आसनावर बसली होती. मागच्या बावीस आसनांवर कामगार चढले. त्यांनी आपापल्या दांड्या अडकवल्या. दस्तगीर चालकाच्या खोलीत होता. बटणाजवळ हात ठेवून तो खुणेची वाट पाहत होता.

चंद्रहासने आईची दांडी लावली. ओढून पाहिली. घट्ट होती. पुन्हा ओढली. दोन पावले गेला, परत आला, पुन्हा ओढली. असे चालूच राहिले.

"आरं, सात डाव झालं," गोदाक्का म्हणाली. "गाडी वडायची हाय का मला?"

बुवांनी खडावा काढल्या. फलाटावर त्या नीट जोडून ठेवल्या आणि गोदाक्काच्या शेजारच्या रिकाम्या आसनावर जाऊन बसले.

"बुवा! आपणही?"

"जागा आहे ना?"

चंद्रहासचा चेहरा उजळला. त्याने बुवांची दांडी लावली, एकदा ओढली आणि वळला.

"चंद्रहास."

"जी?"

"आईंची सातदा ओढलीस."

तो लाजला. परत आला. मन लावून, मोजून, आणखी सहा वेळा त्याने दांडी ओढली. प्रत्येक वेळी गोदाक्का मोठ्याने आकडा पुकारत होती. सातवा आकडा झाला तेव्हा तिघेही हसत होते.

मग तो फलाटाच्या कडेला गेला. दस्तगीरकडे पाहून खूण करण्यासाठी त्याने हात उंच केला.

"सोड की आता!" गोदाक्का ओरडली. "आनि किती येळ?"

बुवांनी समोरच्या रुळांवरची नजर काढली नाही.

"चंद्रहास, मागे आणखी बावीस जणांच्या दांड्या आहेत."