धुतलेली मुळे

पूर्वी कृतयुगात, जेव्हा वृक्षांची मुळे मनाला येईल तिकडे, कधी वर तर कधी आडवी धावत असत, त्या काळी पयोदा नदीच्या उत्तर तीरावर दार्भ्यायण नावाचे महातपस्वी मुनी राहत होते. त्यांच्या यज्ञशाळेतला अग्नी सात पिढ्या अखंड तेवत होता आणि त्याला पळसाच्या समिधांवाचून दुसरे काही चालत नसे. मुनींचे तप मोठे खरे, पण सोवळे त्याहून चार बोटे वर! होमाची पळीसुद्धा तीनदा विसळल्याखेरीज ते हातात धरत नसत.

पुढे पयोदेच्या काठी देवांचे आणि धूम्रकेश दैत्याचे घनघोर युद्ध झाले. बाणांनी आकाश झाकले, रथचक्रांखाली टेकड्यांचा भुगा झाला, आणि मरता मरता दैत्याने ओकलेल्या ज्वाळांत उत्तर तीरावरचे सारे पळसवन भस्मसात झाले. दक्षिण तीरावर थोडी रोपे वाचली, पण तिथल्या मातीत दैत्याचे रक्त जिरले होते. यज्ञशाळेत समिधा उरल्या दोन महिन्यांच्या. कृतयुगातले झाड महिन्याभरात समिधा देण्याजोगे होई, तेव्हा तशी चिंता नव्हती. रोपे आणायची आणि लावायची, एवढेच काम.

मुनींनी रोपे आणली. मात्र त्यांच्या मुळांना दैत्याच्या रक्ताची माती! ती आश्रमात येणार कशी? त्यांनी एकेक रोप सात पाण्यांनी धुतले, बोटांनी मुळे निपटून निपटून पांढरीशुभ्र केली, दर्भाने प्रोक्षण केले आणि मगच लावले. तिसऱ्या दिवशी सगळी रोपे माना टाकून बसली.

मुनींना वाटले, मंत्रात स्वर चुकला. पुन्हा रोपे आणली, पुन्हा धुतली, पुन्हा वाळली. मग मुहूर्त बदलला, दिशा बदलली, आळ्यात दूध ओतले. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! त्यांची पत्नी विशोका एकदा हळूच म्हणाली, की पलीकडची रोपे त्याच मातीत चांगली तरारून उभी आहेत, तर एखादे न धुता लावून पाहावे. मुनी तिच्यावर खेकसले आणि पुन्हा रोपे धुवायला बसले. वेद मुखोद्गत असलेल्या माणसाला एक रोप जगवता येऊ नये, याची त्यांना भयंकर चीड आली होती, आणि ती काढायची कोणावर हेही कळेना.

महिना सरला. सातव्यांदा लावलेली रोपेही वाळली, तेव्हा मुनींच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. सात पिढ्यांचा अग्नी आपल्या हातून विझणार! त्यांनी वाळके रोप उपटले, कमंडलूतले पाणी ओंजळीत घेतले आणि मुळांकडे पाहून गर्जना केली, "कृतघ्नांनो, मी तुम्हांला निर्मळ केले आणि तुम्ही माझ्या अग्नीवर उठलात! यापुढे सूर्याचे दर्शन तुम्हांला घडणार नाही. जन्मभर अंधारात, मातीत तोंड खुपसून राहाल. लोक पानाफुलांचे कौतुक करतील, तुमच्याकडे कोणी बघणारसुद्धा नाही!"

पाणी भूमीवर पडताच त्रिभुवनातली सारी मुळे खाली वळली. धरणी थरारली आणि साक्षात भूदेवी प्रकट झाली.

ती म्हणाली, "मुनिवर, जाड मुळे झाडाला नुसती धरून ठेवतात. पाणी पिते ती टोकाजवळची बारीक लव, आणि ती मातीच्या कणाकणाला बिलगलेली असते. माती खरवडताना आपण ती लवच खरवडलीत. आपली रोपे सात वेळा तहानेने मेली."

शाप परत घ्यायला मुनी हात जोडू लागले, तेव्हा देवी म्हणाली, "सुटलेला शाप फिरत नाही. पण यांना मी पोटाशी घेते. टोकाला टोपी देते, म्हणजे खडक टोचणार नाही. ओल असेल तिथे यांना वाट सापडेल. मात्र माझी माती ज्याला विटाळ वाटते, त्याचे रोप जगणार नाही."

पलीकडे आता एकच रोप उरले होते. मुनींनी ते मातीच्या गड्ड्यासकट उकरले, दैत्याच्या रक्तासकट उपरण्यात घेऊन छातीशी धरले आणि आश्रमात आणून लावले. आळे विशोकेने केले. रोप जगले, आणि शेवटची जुनी समिधा संपायच्या दिवशी त्याची पहिली फांदी अग्नीत पडली. अग्नीने ती बिनतक्रार घेतली.

तेव्हापासून रोप हलवताना मुळाशी माती राखतात, आणि मुळे उजेडाकडे पाठ फिरवून खाली जातात.

मुनींना मात्र स्वस्थता लाभली नाही. मुळांची क्षमा मागावी असे त्यांना रोज वाटे. पण समोरासमोर मागायची तर माती उकरावी लागणार, आणि उकरली तर झाड मरणार. मग ते रोज बुंध्याशी वाकून पाणी ओतत, आणि पाणी जिरून जाईपर्यंत तसेच वाकलेले राहत.