उंबऱ्यावरचं पहिलं ताट

दारावर टांगलेलं ते पितळी पातेलं बघितलंत? आतून काळंहिरवं आहे, ते तसंच ठेवतात. विट्यापासून जतपर्यंत चंद्राक्काच्या जितक्या खानावळी, तितक्या दारांवर असं एकेक पातेलं आहे. भूक लागली असेल, पण जरा दम धरा. पहिलं ताट अजून उंबऱ्यावर आलेलं नाही.

चंद्राक्का आणि तिचा नवरा भीमाण्णा यांची मूळ खानावळ हीच, असं सांगतात. एका लग्नसराईत इथे वऱ्हाड जेवलं. चिंच घातलेली कटाची आमटी लोकांनी वाट्याच्या वाट्या ओरपली. आणि गावाची वेस ओलांडायच्या आत अर्धं वऱ्हाड ओकायला लागलं. नवरदेवाची आई गौराबाई तर डोळेच उघडेना.

वऱ्हाड उलट फिरलं. नवरदेवाचा बाप रामगोंडा हातात धोंडा घेऊन दारात उभा राहिला. "इख घातलंस!" तो ओरडला.

भीमाण्णा बायकोला म्हणाला, "मागच्या दारानं पळूया." अक्का हलली नाही. आपल्या हातून वाईट अन्न जाणारच नाही, अशी तिची खात्री. उरलेली आमटी भातावर ओतून ती उंबऱ्यावर बसली आणि सगळ्यांदेखत ताट पुसून जेवली.

मग नुसतं बघत राहणं. कुणी बोलेना. धोंडा हातात तसाच. आणि म्हणे, थोड्याच वेळात अक्काला भडभडून उलटी झाली.

लोक पुढे सरकले. अक्का भिंत धरून आत गेली, पातेलं आणलं आणि उन्हात आडवं केलं. आतली कल्हई पार गेली होती, उघड्या पितळेत आंबट आमटी कळकून बाधक झाली होती. गर्दीच्या दिवसांत कल्हईवाल्याला तिनेच दारातून परत पाठवलं होतं. पातेलं गुपचूप विहिरीत टाकलं असतं तर कुणाला कळलं असतं? मला तर इथेच तिचा अभिमान वाटतो.

"इख न्हाई, पर चूक माझीच हाय," ती म्हणाली. "मारायचं तर मारा."

स्वतः तेच जेवलेल्या बाईला काय मारणार? रामगोंडाने धोंडा खाली ठेवला.

गौराबाई वाचली. काही दिवसांनी ती एकटीच येऊन पाटावर बसली. अक्काने ताट वाढलं. गौराबाईने ते तिच्याकडेच सरकवलं.

"जेवीन की. पर आदी तू."

आजही प्रत्येक खानावळीत घरचंच माणूस उंबऱ्यावर बसून पहिलं ताट जेवतं. तोवर गिऱ्हाईक कितीही मोठं असो, त्याला थांबावं लागतं. ती बघा, अक्काची नातसून ताट घेऊन आली. आता तिचं जेवण होईपर्यंत कुणी बोलायचं नाही.