बेहड्याला विचारायची रीत

हा बेहडा बघा. वाकून बघा, टोपी पडली तर पडू दे. बुंध्यावर कुऱ्हाडीच्या दोन जुन्या खाचा आहेत. तिसरी नाही. ती कुठे गेली, तेच सांगतो. मोबाइल खिशात घाला, झाड काही पळून जात नाही.

आगबोटींना कोळसा लागायचा तेव्हाची गोष्ट, असे सांगतात. इथे म्हणे एवढी दाट राई होती की भरदुपारी कंदील लागे. कंदील माझ्या पदरचा, राई खरी. मग कोळशाच्या भट्ट्या पेटल्या. गावचे तोडे, म्हणजे लाकूडतोडे, नेमाचे पक्के, घरटं असलेलं झाड तोडायचे नाहीत. मान वर करून फांद्या बघायच्या. काटक्या दिसल्या नाहीत की घाव. शहाणेच ते, तुमच्या-माझ्यासारखे. ककणेर, म्हणजे धनेश पाखराची मादी खोडाच्या ढोलीत शिरते, आतून ढोलीचं तोंड लिंपून घेते, नर तिला फटीतून भरवतो, हे कुणी ध्यानातच घेतलं नाही.

धाकू तोड्याची पोर येसू. बापाची भाकरी घेऊन आली, तर सातविणीचं झाड आडवं पडलेलं. फुटल्या ढोलीत मादी आणि दोन उघडी पिल्लं, चिरडलेली. पुढे आठ दिवस नर चोचीत उंबर घेऊन यायचा, झाड होतं तिथल्या रिकाम्या हवेत फडफडायचा. येसू ते रोज बघायची. तिने बापाला सांगितलं, गावकाराला सांगितलं. पाखरांपायी भट्टी विझवू काय, म्हणून सगळे हसले. झाडं पडत राहिली. उरला हा बेहडा, आणि वरच्या ढोलीत शेवटची ककणेर.

बेहडा तोडायचा त्या सकाळी येसू त्याच्या खालच्या ढोलीत शिरली. ओल्या मातीने आतून तोंड लिंपलं, वीतभर फट ठेवली.

धाकूने वर पाहिलं. काटक्या नव्हत्या. एक घाव. दुसरा. आत पोर ओरडत होती; घावांच्या आवाजात कुणाला ऐकू येणार? मग फटीतून तिचा हात बाहेर आला, तळवा उघडा, घास मागावा तसा. तिसरा घाव सुटला होता. धाकूने तो वळवला आणि स्वतःच्या पायावर घेतला.

लिंपण फोडून पोरीला काढलं. ती एवढंच म्हणाली, "बाबा, आधी विचारायचं तरी होतंत."

धाकू जन्मभर लंगडला. भट्ट्या पलीकडच्या डोंगरावर गेल्या.

आजही आमच्याकडे झाड तोडण्याआधी कुऱ्हाडीच्या तुंब्याने, म्हणजे बोथट पाठीने, बुंध्यावर तीनदा ठोकतात आणि विचारतात, "बाये, घरात आहेस का गो?" मग एक विडा चघळून होईतो थांबतात. वाळक्या ओंडक्यालाही विचारतो आम्ही, हसा खुशाल. गेल्या पंधरा वर्षांत आतून कुणी हललेलं नाही. तरी थांबतो.

या, तुम्हीही ठोका. आणि आता जरा गप्प राहा.