चौथ्या पावलाचा थांबा

"सर, यात कुठं कुणाचा हात वेगळा दिसतोय का?"

मैत्रेयीनं लॅपटॉप दप्तरदार सरांपुढे सरकवला. सरांनी आयुष्यभर कागदावर माणसं चालवली होती, एकेका पावलासाठी डझनभर चित्रं काढून. आता नजर अधू झाली होती, तरी विद्यार्थी अजून घरी येत.

कॉलेजातल्या सहा जणांनी मिळून एक व्हिडिओ गेम केला होता. त्यातली चित्रं आणि हालचाली, या सगळ्याची प्रमुख मैत्रेयी. प्रमुख म्हणजे प्रत्येकाच्या कामावर शेवटचा हात आपला, अशी तिची समजूत. राबली मात्र मरमर होती, ते नाकारून चालणार नाही.

सरांनी डोळे बारीक करून पाहिलं. पडद्यावर एक म्हातारी घाट चढत होती.

"नाही," ते म्हणाले. "सगळं एकाच हातचं दिसतंय."

मैत्रेयीचा चेहरा खुलला.

"उद्या प्रदर्शन आहे, सर. हर्षलचे आईबाबा येणार आहेत. गेमच्या शेवटी येणाऱ्या नावांच्या यादीत त्याचं नाव सगळ्यांत वर घातलंय."

हर्षल कोष्टी त्या सहांतलाच. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेला, तो परत आलाच नाही. हृदयाचं जुनं दुखणं होतं, आणि कॉलेजात त्यानं कुणालाच कळू दिलं नव्हतं.

"चांगलं केलंस. त्याचं काम कोणतं यात?"

"ही म्हातारी. म्हणजे... होती. तिची चाल मी पुन्हा केली."

"का?"

"दर चौथ्या पावलाला थांबायची ती. तीनदा सांगितलं त्याला, चूक आहे, काढ. नुसता हसायचा. म्हणायचा, दमते गं ती. शेवटी मीच नीट करून टाकली."

"त्यानं चाल कशावरून काढली होती?"

"स्वतःवरूनच. आम्ही सगळे तसंच करतो. मोबाईल लावायचा, समोर चालायचं, आणि ते बघून..."

तिनं पडद्यावरच्या म्हातारीकडे पाहिलं.



"तो व्हिडिओ?" सरांनी विचारलं.

"काम झालं की पुसून टाकतो आम्ही."

"आणि त्याची फाईल?"

"त्याच फाईलवर सेव्ह केलं मी." तिला रडू फुटलं. "त्याचं एकही पाऊल राहिलं नाही यात, सर. मी ठेवलंच नाही."

काम तिनं बिघडवलं नव्हतं, सुधारलं होतं. वाईट वाटतं ते त्याचंच.

सरांनी तिला रडू दिलं. मग तिनं डोळे पुसले आणि लॅपटॉप ओढला.

"पुन्हा करते. उद्यापर्यंत होईल. चौथ्या पावलाला थांबा घालते, किती वेळाचा होता ते आठवतंय मला."

सर उठले. भिंतीला हात लावत चार पावलं चालले आणि थांबले.

"असा?"

"हो... नाही. ती थांबायची तेव्हा मान..."

"कुठं बघायची?"

"आठवत नाही, सर. मी फक्त थांबा मोजला होता."

सर परत खुर्चीत येऊन बसले. लॅपटॉप त्यांनी हलकेच मिटला.

"उद्या त्याच्या आईला आधी खरं सांग," ते म्हणाले. "मग विचार, जिना चढताना हर्षल कसा थांबायचा... त्या चालून दाखवतील."