हाताला बोट

एका राज्यात धोंडाबाई घसा फोडून खरं सांगत होती आणि कुणी म्हणून तिचं मानत नव्हतं.

"जहाजावरचा नांगर माझा नव्हे!" ती घाटावर ओरडली, बाजारात ओरडली, भर दरबारात ओरडली. लोक म्हणाले, "इवलं जहाज बांधलं कुणी? धोंडाबाईनं. मग नांगर काय आभाळातून पडला?"

त्या राज्याची रीतच तशी. मोठं जहाज समुद्रात जाण्याआधी त्याचं इवलं जुळं बांधायचं आणि सागरदेवीच्या कुंडात सोडायचं. मोठ्यावर एक हात, तर इवल्यावर एक बोट, हे माप. इवल्याला जे होई, तेच मोठ्याला होई. माप चुकलं की पोवळबेटावरच्या निळंभट मांत्रिकाचा शाप लागे.

धोंडाबाईची एकुलती लेक केवडी 'राजहंसी' जहाजाची तांडेल, खलाशांची म्होरकी, होऊन गेली आणि भर समुद्रात जहाज थिजलं. कुंडातल्या जहाजावर तांदळाच्या दाण्याएवढे खलाशी निजलेले दिसत. पुढच्या टोकाला दाण्याएवढी केवडी. तिच्या उशाशी एक काळा, नको तेवढा थोरला नांगर. त्याच्या भारानं जहाजाचं नाक रोज थोडं पाण्यात जाई. अवसेला ते बुडणार होतं. नांगराला जो हात लावी, त्याचा हात लाकडाचा होई. राजाचा सुतार तो काढायला गेला, तेव्हापासून डाव्या हातानं जेवत असे.

राजा म्हणाला, "धोंडाबाई, दोषी माणसाचं नाव देवीपुढच्या पाटावर कोरायची रीत आहे."

"कोरा की माझं. खोटं नाव लाकूड ठेवून घेत नाही."

कोरलं. सकाळी अक्षरं भुसा होऊन गळून पडली होती. तरी लोक म्हणाले, लाकूड ओलं असेल.

तेव्हा धोंडाबाईनं पदर खोचला, कासवाच्या पाठीवर बसली आणि पोवळबेटावर गेली.

"मेल्या, माझ्या जहाजावर नांगर का बसवलास?"

निळंभट म्हणाला, "मी शाप देतो. नांगर बसवत नाही. ज्यानं बसवला, तो तुझ्याच उंबऱ्यातून गेला. माझ्या कोठारातून तीन वस्तू निवड. तिन्ही मापाच्या निघाल्या, तर तुझी लेक जागी होईल. एक जरी चुकली, तर तूही दाण्याएवढी होऊन तिच्याशेजारी निजशील."

कोठार समुद्राखाली होतं. दिव्यांच्या जागी मासे जळत होते. दाराशी एक बोलका खंड्या बसला होता.

पहिली वस्तू हत्यार. भिंतीभर करवती, कानशी, रंधे चांदण्यासारखे लखलखत होते. धोंडाबाई म्हणाली, "मुंगीला मुसळ कशाला?" आणि तिनं गव्हाच्या कुसाएवढी पटाशी उचलली.

दुसरी वस्तू दोर. तिथं एक रेशीम असं मऊ होतं, की हात लावताच तिला केवडीचं बाळपणीचं जावळ आठवलं. तिनं ते उचललंच.

खंड्या म्हणाला, "बाई, खलाशाच्या मुठीत ते राहील का? ओलं झालं की सटकेल."

"तुला कुणी विचारलं रे, चोचीच्या?" असं म्हणून तिनं रेशीम ठेवलं आणि मेण लावलेला, पिळाचा सुती दोरा घेतला.

तिसरी वस्तू नांगर. ढीग होता ढीग. धोंडाबाईनं डोळे मिटले. मनात ती तांदळाच्या दाण्याएवढी झाली, केवडीच्या जहाजावर चढली आणि एकेक नांगर लेकीच्या हातात देऊन पाहिला. हा उचलेना. हा वाऱ्यानंच उडाला. एक मात्र केवडीनं कंबर वाकवून, ओठ चावून उचलला. धोंडाबाईनं डोळे उघडले, तर तो तिच्या नखावर होता.

कुंडाशी येऊन तिनं पटाशीनं काळ्या नांगराची खुंटी तोडली, नवा नांगर सुती दोऱ्यानं बांधला. दाण्याएवढ्या केवडीनं कूस बदलली.

तिसऱ्या प्रहरी 'राजहंसी' बंदरात आली. पण फळी टाकली की धक्का मागं सरे. पुन्हा टाकली, पुन्हा सरला.

राजा म्हणाला, "खरं नाव कोरल्याशिवाय शाप सुटणार नाही. मांत्रिकाचं कोरा."

कोरलं. भुसा झाला.

तेव्हा जहाजावरून हाक आली, "आई! नांगर मीच बदलला!"

कठड्यावरून केवडी वाकली.

"तुझा नांगर बघितला, एवढासा. म्हटलं, वादळात हा काय धरणार? मोडीत निघालेल्या थोरल्या गलबताच्या जुळ्यावरचा काढून बसवला."

"मला विचारायला काय झालं होतं, भवाने?"

"तू ओरडली असतीस."

कुणीतरी हसलं. धोंडाबाईनं वळून पाहिलं, तसं थांबलं.

राजा हळूच म्हणाला, "लेकीचं नाव आहे. दुसऱ्याकडून कोरून घेऊ."

"दुसऱ्याला माप कुठं कळतंय?" तिनं पटाशी लाकडाला लावली. अक्षरं कोरली तीही हाताला बोट याच मापानं. मुंगीनंच वाचावीत इतकी बारीक.

लाकडानं ती ठेवून घेतली. धक्का जागी थांबला, फळी टेकली, सुताराचा हात पुन्हा मांसाचा झाला आणि त्यानं सगळ्यात आधी डोकं खाजवलं. लेक धावत उतरली. धोंडाबाईनं आधी तिच्या पाठीत एक धपाटा घातला, मग तिला पोटाशी धरलं.

तो पाट अजून देवीपुढं आहे. गुडघे टेकून, श्वास रोखून पाहिलं, तर त्यावर नाव दिसतं: केवडी.